बिनफ्रीव्हीलच्या चार सायकली

जुन्या हुबळीतल्या त्या गल्लीत कुणालाही सायकल घ्यायची झाली, की ती आधी धम्मपालअण्णांच्या दारात उभी राही आणि मगच दुकानदाराला पैसे मिळत. दुकानदारही हे ओळखून होते. "पसंत पडली तर ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत आणा," या बोलीवर ते सायकल सोडत. रविवारी सकाळी धम्मपाल आंघोळ उरकून, धुतलेला लेंगा घालून पायरीवर येत. एका हाताने सायकल सीटखाली धरून मागून उचलत, दुसऱ्या हाताने पायडल उलटं फिरवत आणि डोळे मिटून मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत. परीक्षा एवढीच. रंग, सीट, हँडल असल्या गोष्टी बघणाऱ्याला ते नवशिक्या म्हणत. "हूं" म्हणाले, की सायकल घरात. "नेऊन द्या" म्हणाले, की सायकल दुकानात.

चाळीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस. चाकाचं दुखणं त्याला कानाने कळायचं. पण त्याच कारखान्याने तो कान हळूहळू खाऊन टाकला होता. निवृत्त झाल्यावर दीडेक वर्षात धम्मपालांच्या लक्षात आलं, की माणसाने समोर उभं राहून बोललेलं कळतं, पण बारीक आवाज सगळे गेले. चिमणी गेली, कुकरची शिट्टी गेली आणि फ्रीव्हीलची टिकटिकही गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गल्लीच्या टोकाला एक ठार बहिरा म्हातारा बसायचा आणि लोक त्याच्या देखत, त्याच्याच मर्तिकाला किती लाकूड लागेल याची चर्चा करायचे. धम्मपालांना त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. निवृत्त माणसाला आठवड्यातले सहा दिवस कुणी विचारत नाही. धम्मपालांचा एक रविवार उरला होता, आणि तो त्यांना जिवापाड जपायचा होता.

हे फक्त बायकोला, हिराबाईला, माहीत होतं. मार्गही तिनेच काढला होता. धम्मपाल पायडल फिरवत असताना ती दारात उभी राहून ऐके. टिकटिक एका तालात असली तर म्हणे, "चहा ठेवते." गडबड असली तर म्हणे, "दूध नाही हो घरात." धम्मपाल डोळे उघडून तिच्या ओठांकडे बघत आणि निकाल देत. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती दीड वर्षं झाकलेली राहिली.

हिराबाई गावाला गेली असेल, तर धम्मपाल परीक्षा घेतच नसत. "आज डोकं जड आहे, पुढल्या रविवारी आणा," म्हणत. आणि नेमकी ती अळणावरला बहिणीच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस गेली असताना दुर्गव्वा आपल्या मुलाला, सत्याप्पाला, आणि एका पिवळ्याधमक सायकलीला घेऊन दारात उभी राहिली. बरोबर धारवाडच्या सुभाष रोडवरचा एक दुकानदार होता, जयतीर्थ नावाचा. टेम्पोतून चार सायकली घेऊन तो स्वतः आला होता.

"अण्णा, पोराला नोकरी लागली," दुर्गव्वा म्हणाली. "रायापूरला बिस्किटाच्या गोदामात. उद्या सकाळी आठला हजर व्हायचंय. न्हाई गेला तर दुसऱ्याला घेत्यात म्हणं."

"आज माझं डोकं जरा जड..."

"डोकं कशाला लागतंय अण्णा, कान पायजे की."

आता माघार घेणं अवघड होतं. धम्मपालांनी वेळ काढायला म्हणून सायकलीभोवती एक फेरी मारली. सायकल दिसायला सडसडीत होती. इतकी सडसडीत, की दुर्गव्वाला संशय आला.

"हिला स्टँड न्हाई?" तिनं जयतीर्थला विचारलं.

"परदेशात पाठवायचा माल आहे, अक्का. ऑर्डर रद्द झाली म्हणून इथं आला. तिकडं सायकल भिंतीला टेकवतात."

"कॅरियर?"

"तिकडं पाठीवर पिशवी घेतात."

"मडगार्ड?"

"तिकडं चिखल नसतो."

"आनि घंटी?"

"तिकडं वाटेत माणसं नसतात."

"मग दिलंय काय हो ह्यात?"

"किंमत कमी दिलीय की, अक्का," जयतीर्थ शांतपणे म्हणाला. "सुभाष रोडवर कुठल्याही दुकानात विचारा. साधी सायकल पंचवीसशेच्या खाली नाही. ही चौदाशेला. खोक्यातून काढायची, हँडल आवळायचं आणि बसायचं."

गोळा झालेली माणसं धम्मपालांकडे बघू लागली. धम्मपालांनी सायकल मागून उचलली, डोळे मिटले आणि पायडल उलटं फिरवलं. ऐकू काही आलं नाही, पण ते रोजचंच होतं. पायडल हाताला जड लागलं. 'नवं ग्रीस आहे,' त्यांनी मनाशी म्हटलं. पायडल सोडलं तरी ते आपलं आपण फिरत राहिलं. 'बॉलबेअरिंग झकास आहे,' त्यांनी मनाशी म्हटलं.

डोळे उघडे असते तर त्यांना दिसलं असतं, की पायडलबरोबर मागचं चाकही उलटं फिरतंय. चाक उलटं फिरणारी सायकल धम्मपालांनी जन्मात पाहिली नव्हती. तिला फ्रीव्हीलच नव्हतं. चाक फिरेल तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरेल तोवर पाय. सात-आठ माणसांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. एकही बोलला नाही. जिथे धम्मपालअण्णा गप्प, तिथे आपण कोण, असा विचार सगळ्यांनी मिळून केला.

"हूं," धम्मपाल म्हणाले.

सोमवारी सकाळी सत्याप्पा कपाळाला अंगारा लावून निघाला. चढावर त्याला काही जाणवलं नाही. उणकलच्या अलीकडे उतार लागला, तेव्हा सगळं जग करतं तेच त्यानं केलं: पाय थांबवले आणि वाऱ्यावर सोडून दिलं स्वतःला. सत्याप्पाचे पाय थांबले, पायडलं थांबली नाहीत. पायडलने आधी त्याचा उजवा पाय वर फेकला आणि मग नडगीवर असा टोला दिला, की आवाज पानपट्टीवाल्यापर्यंत गेला. पुढचा ब्रेक एवढाच काय तो होता. तो सत्याप्पाने जिवाच्या आकांताने दाबला आणि हँडलवरून पुढे गेला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बिस्किटाच्या गोदामात साडेआठला दुसरा माणूस घेतला गेला.

धम्मपाल तडक दवाखान्यात गेले. रस्त्यात त्यांनी ती सायकल नीट डोळ्यांनी पाहिली होती आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं. खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते आत शिरले. पण खाटेभोवती अर्धी गल्ली उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या.

"अण्णा, सायकलीचा दोष म्हणायचा की माझा?" सत्याप्पानं विचारलं. पाय टांगलेला असतानाही त्याच्या आवाजात आदर होता. तो आदरच धम्मपालांना नडला.

"पाय कशाला थांबवलास?" ते म्हणाले.

"म्हंजे?"

"ह्या सायकलीवर पाय थांबवायचे नसतात. फ्रीव्हील काढूनच टाकलंय तिच्यात. फ्रीव्हील म्हणजे काय? आळस. उतारावर माणूस फुकटचं बसून खातो. आणि बिघडतं काय सायकलीत सगळ्यात आधी? फ्रीव्हील. जे नाहीच ते बिघडणार कसं? जोड पक्के, रिम सरळ, वजनाला हलकी. चौदाशेला बाविसशेचा माल आहे तो. मी काय झोपेत 'हूं' म्हटलं?"

खोटं बोलण्यात एक वाईट खोड आहे. ते बोलता बोलता बोलणाऱ्यालाही पटू लागतं. धम्मपालांना ते निम्मं पटलं आणि गल्लीला सगळं पटलं. बुधवारी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गोविंदनं एक सायकल घेतली. गुरुवारी पुंडलिक शिंप्यानं दुसरी घेतली. आता उरली एक. तेव्हा ती घेऊन पुन्हा आलेला जयतीर्थ सगळ्यांच्या समोर म्हणाला, "अण्णा, एवढी नावाजलीत, ही शेवटची तुम्हीच ठेवा की." नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? चौथी सायकल धम्मपालांच्या भिंतीला, परदेशातल्यासारखी, टेकून उभी राहिली.

गोविंदचं शुक्रवारी झालं. एका सावकाराच्या मयतीला बँड सांगितला होता. गोविंद पट्टेदार विजार घालून, क्लॅरिनेट पाठीला बांधून निघाला आणि वाटेत विजारीचा घोळ साखळीत गेला. साध्या सायकलीवर माणूस पायडल थांबवतो, खाली उतरतो, विजार सोडवतो. इथे साखळी विजार खात गेली आणि गोविंदचा पाय तिच्या मागोमाग फिरत गेला. तो मयतीत मागून शिरला, खांदेकऱ्यांच्या बाजूने सरकून पुढे निघाला, तिरडीला मागे टाकलं आणि उतारावरून थेट स्मशानात जाऊन सरणाच्या लाकडांवर थांबला. मयतापेक्षा आधी पोचलेला वाजंत्री हुबळीने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. मुलांनी बापाची तिरडी वाटेत खाली ठेवून त्याला हाणला. बिदागी तर बुडालीच.

"पायघोळ विजार कशाला घातलीस?" धम्मपाल त्याला म्हणाले. पण या वेळी त्यांना त्यांचं बोलणं पटलं नाही.

आणि पुंडलिकाचं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रविवारी सकाळी सायकल उलटी करून, चाक जोरात फिरवून तो फडक्यानं साखळी पुसत होता. फडकं साखळीत ओढलं गेलं, त्याबरोबर बोट. चाक थांबेपर्यंत साखळी थांबत नाही, हे आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. पुंडलिकाला ते तर्जनीचं पहिलं पेर गमावून कळलं. शिंप्याची तर्जनी. दवाखान्यातून आल्यावर तो दुकानाच्या फळीवर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिला. धम्मपाल समोरून गेले, तेव्हा त्यानं बांधलेला हात उचलून नमस्कार केला. धम्मपाल घरी आले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिराबाई अळणावरहून आली. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी तिनं भिंतीची सायकल पाहिली, मागून उचलली आणि पायडल उलटं फिरवलं. मग नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"हिला आवाजच न्हाई हो."

"मला तरी कुठे येतो," धम्मपाल म्हणाले.

सगळी हकीकत ऐकून तिनं पिशवी उतरवली. "सांगून टाका लोकांस्नी," ती म्हणाली. "बहिरा हाय म्हणून सांगा. पोराचा पाय गेला, पुंडलिकाचं बोट गेलं. आता आनि कुणाचं काय जायची वाट बघायलालाय?"

"सांगितलं तर माझं काय उरतं?"

"मी हाय की."

"तू सोडून गं."

पण गल्लीतही कुजबुज सुरू झाली होती. संध्याकाळी दुर्गव्वा आली. तिनं चपला बाहेर काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली. "अण्णा, वाईट वाटून घेऊ नगासा. पर ती सायकल तुमी सोता एकदा चालवून दावा. उणकलच्या उतारावरनं. सरळ खाली गेलासा तर चूक आमच्या पोरांची. आमी परत त्वांड उघडणार न्हाई."

एकसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाने याला नाही म्हणायला हवं होतं. "उद्या सकाळी," धम्मपाल म्हणाले.

सकाळी उताराच्या माथ्यावर धम्मपाल सायकलीवर बसले. मागून रिक्षात हिराबाई, दुर्गव्वा आणि हात गळ्यात बांधलेला पुंडलिक. गोविंद रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर. सत्याप्पा पाय प्लास्टरमध्ये घालून घरीच होता. निकाल त्याला कळवायचा होता.

धम्मपालांनी पाय थांबवले नाहीत. फिटर माणूस, यंत्राच्या विरुद्ध जायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. उतार वाढला तसे पाय भराभर फिरू लागले, मग त्याहून भराभर, मग पाय त्यांचे राहिलेच नाहीत. लेंगा वर खोचलेला, दात आवळलेले, गुडघ्यांतून कळा. पुढचा ब्रेक हलका धरून ते रस्त्याच्या मधोमध सरळ रेषेत निघाले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. जमतंय. चौदाशेला बाविसशेचाच माल आहे.

मागून धारवाडची बस येत होती. रिक्षावाला आधी सवयीने हॉर्नचा पोंग्या वाजवत होता, मग जीव तोडून वाजवू लागला. अण्णा मधोमध, डावीकडे गटार, मागे बस. रिक्षातले चौघे ओरडत होते. पोंग्याचा तो बारीक चिरका आवाज रस्त्यावरच्या कुत्र्यांनी ऐकला, उसाच्या रसवाल्याने ऐकला, शेजारच्या मळ्यातल्या बैलाने मान वर केली. धम्मपाल मधूनच सुसाट चालले होते. शेवटी अण्णांना धडक बसू नये म्हणून रिक्षावाल्याने हँडल डावीकडे वळवलं आणि रिक्षा सावकाश, जणू विचार करून, गटारात आडवी झाली. बस बाजूने निघून गेली.

उतार संपून चढ लागला. सायकल मंद झाली, पाय मंद झाले, दोन्ही एकदम थांबले. धम्मपाल उतरले. धाप लागली होती, पण छाती फुगली होती. सायकल एका झाडाला टेकवून ते रिक्षाची वाट बघू लागले. पहिल्यांदा दुर्गव्वा काय म्हणेल? गोविंद तर पायाच पडेल. दहा मिनिटं झाली. कुणी आलं नाही. मग ते चालत मागे निघाले.

रिक्षा कुशीवर पडलेली दिसली. पुंडलिक आणि गोविंद गटाराच्या काठावर बसले होते, चिखलाने माखलेले. दुर्गव्वाच्या डोक्याला खोक होती. आणि हिराबाई आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती. मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

"एवढं हॉर्न मारलं हो अण्णा," रिक्षावाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "बाजूला का झाला न्हाई?"

धम्मपाल हिराबाईच्या हाताकडे बघत राहिले. मग ते तिथेच, रस्त्याच्या कडेला, बसले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. टिकटिक येत नाही, पोंग्या येत नाही. ही ऐकायची आणि मला सांगायची. त्या दिवशी ही नव्हती, तरी मी 'हूं' म्हटलं. सत्याप्पाचा पाय मी मोडला. पुंडलिका, तुझं बोट मी घेतलं. काय करायचं ते करा मला."

गोविंदनं पुंडलिकाकडे पाहिलं, पुंडलिकानं दुर्गव्वाकडे. दुर्गव्वानं पदरानं डोकं दाबून धरलं आणि धम्मपालांना ओठ दिसावेत म्हणून अगदी समोर येऊन उकिडवी बसली.

"अण्णा, ते आमाला म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"तुमचे कान. गल्लीतल्या बारक्या पोरालाबी म्हाईत हाय. आमी तुमच्या 'हूं'ची वाट कवा बघतोय? अक्का चहा ठेवते म्हणाली की सायकल घ्यायची, दूध न्हाई म्हणाली की परत. दीड वर्ष झालं, तसंच चाललंय."

"मग त्या दिवशी? त्या दिवशी ही कुठे होती? चाक उलटं फिरत होतं, तुम्ही सगळ्यांनी बघितलं असेल!"

"बघितलं की," पुंडलिक खाली मान घालून म्हणाला.

"मग बोलला का नाही कुणी?"

"अक्का नसल्यावर तुमी कदी सायकलीला हात लावत न्हाई, अण्णा," दुर्गव्वा म्हणाली. "डोकं जड हाय म्हणतासा. त्या दिशी नोकरीची घाई होती म्हणून मी मागं लागले, तर तुमी एकटे, आनि बेधडक 'हूं' म्हणालासा. आमाला वाटलं, अण्णांचे कान परत आले. गल्लीत सगळ्यांस्नी किती आनंद झालता म्हणून सांगू. सत्याप्पा म्हणाला, आता आपन मधी बोलून त्यांचा हिरमोड कशाला करायचा."

दीड वर्षात गल्लीने एकाच दिवशी धम्मपालांवर विश्वास टाकला होता, तो हा.

हिराबाईचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. चार सायकली जयतीर्थनं परत घेतल्या नाहीत. भंगारवाल्यानं वजनावर नेल्या, आणि त्या हलक्या असल्यामुळे वजनही फारसं भरलं नाही. सत्याप्पा कुबडी घेऊन चालू लागला. नोकरी मात्र कुठे मिळाली नाही.

त्या दीड महिन्यातल्याच एका रविवारी कुणीतरी पुन्हा नवी सायकल घेऊन आलं. या वेळी ती पायरीवर न थांबता सरळ दारापर्यंत आणली गेली, हिराबाईसमोर. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. धम्मपाल आतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सत्याप्पा कुबडी टेकत आत गेला आणि त्यांच्या तोंडासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "अण्णा, अक्काच्या हाताला प्लास्टर हाय. सायकल उचलायला माणूस पायजे."

धम्मपाल उठले, लेंगा सारखा केला आणि बाहेर येऊन त्यांनी सायकल मागून उचलून धरली. हिराबाईनं डाव्या हातानं पायडल फिरवलं. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती. धम्मपालही बघत होते.

"जरा आनि वर धरा हो," ती म्हणाली.

त्यांनी आणखी वर धरली.